घरातला ऑल-इन-वन प्रिंटर: इंकटँक की लेझर?

स्कॅन आणि झेरॉक्स दोन्ही प्रिंटर सारखंच करतात, तिथे डोकं लावू नका. खरा फरक छपाईत आहे.

इंकटँक म्हणजे बाटलीतून टाकीत शाई भरायचा प्रिंटर; त्याची शाई पातळ. मशीन बरेच दिवस बंद राहिलं की नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) चोंदतात, पानावर पांढऱ्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग (छिद्रं साफ करायची मशीनमधली सोय) करा, त्यात आणखी शाई जाते. आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहिलात तर हा त्रास सहसा टळतो. पण पोरांचे प्रोजेक्ट, नकाशे, फोटो यांना रंग हवाच, आणि खर्चही कमी: एपसनच्या ००३ शाईची एक काळी बाटली कंपनीच्या हिशेबाने ४,५०० पानं देते.

लेझरचा टोनर म्हणजे कोरडी पूड. महिनोन्‌महिने बंद ठेवा, पहिलं पान स्वच्छच येतं. शेताचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), आधार, अर्ज एवढंच काम असेल तर मी लेझरच घ्या म्हणेन. पावसाचे थेंब पडले तरी अक्षर फुटत नाही. मात्र घरगुती बजेटातला लेझर बहुधा काळाच छापतो, आणि पूड वितळवताना वीज एकदम खेचतो. लाईट गेल्यावर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावूच नका. इंकटँक तिथे निवांत चालतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात कागद ओलसर होऊन दोन्हींत अडकतो. रिम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.