तेल-वायूची आडवी विहीर थरात ठेवायची, तर इमेज कोणती घ्यावी?

इमेज म्हणजे ड्रिलिंग करताना टूलने टिपलेलं विहिरीच्या भिंतीचं चित्र. निवड करताना बहुतेक जण आधी रेझोल्यूशन विचारतात. माझ्या मते आधी विचारावं, आपला थर आणि त्याच्या वरखालचा खडक यांत फरक कशाचा आहे.

वालुकाश्मावर शेल (चिकणमातीचा खडक) असेल तर गॅमा इमेज, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचं चित्र, बहुधा पुरते. ती स्वस्त, कुठल्याही मडमध्ये (ड्रिलिंगच्या द्रवात) चालणारी, आणि तिचा सेन्सर बिटच्या (खोदणाऱ्या टोकाच्या) अगदी मागे बसवता येतो. मात्र पोटॅशियम फेल्डस्पार भरपूर असलेली वाळू गॅमात शेलसारखीच दिसते. चुनखडीतला सच्छिद्र आणि घट्ट भागही गॅमाला वेगळा काढता येत नाही. तिथे डेन्सिटी (घनतेची) इमेज हवी. तिची अडचण म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत: टूल अडकलं, तर प्रकरण महागात जातं. शिवाय विहिरीची भिंत ढासळलेली असली की तिचं चित्र बिघडतं.

रेझिस्टिव्हिटी इमेज, म्हणजे खडक विजेला किती अडवतो त्याचं चित्र, सगळ्यांत बारीक. भेगा, पातळ थर, तिरपे स्तर तिच्यात स्पष्ट दिसतात. पण नेहमीच्या लॅटरोलॉग (खडकात वीज सोडून मोजणाऱ्या) प्रकाराला पाण्याचं, वीजवाहक मड लागतं. तेलाच्या मडमध्ये अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) किंवा त्या मडसाठीच बनवलेल्या इमेजकडे वळावं लागतं.

आता हा बारकावा दिशा ठरवायला किती उपयोगी? 8.5 इंची विहीर थराच्या सीमेला 1 अंशाने छेदत असेल, तर इमेजवर त्या सीमेची रेघ विहिरीच्या वरच्या बाजूपासून (माथ्यापासून) खालच्या बाजूपर्यंत (तळापर्यंत) पोचायला विहिरीच्या लांबीत सुमारे 12 मीटर घेते. 5 अंशांना जेमतेम अडीच मीटर. इतकी ताणलेली रेघ विहिरीचा घेर 16 भागांत दाखवणाऱ्या डेन्सिटी इमेजवरही छान वाचता येते. शेल आधी तळाला दिसला, तर बिट खालून बाहेर पडतंय. आधी माथ्याला दिसला, तर वरून. त्यात मड पल्सने (मडमधल्या दाबाच्या ठोक्यांनी) सेकंदाला माहितीचे मोजकेच डिजिटल बिट वर येतात, त्यामुळे बारीक चित्र पूर्ण रूपात टूल बाहेर काढल्यावरच मिळतं. म्हणून टूल पुरवणाऱ्या कंपनीकडून टूलच्या मेमरीतल्या नव्हे, ड्रिलिंग सुरू असताना आलेल्या इमेजचे नमुने मागा.

या तिन्ही इमेज विहिरीच्या भिंतीपुरत्याच पाहतात, सीमा गाठल्यावर सांगतात. थर पातळ असेल आणि शेलशी रेझिस्टिव्हिटीचा फरक चांगला असेल, तर काही मीटर दूरची सीमा आधीच ओळखणाऱ्या दिशादर्शक रेझिस्टिव्हिटीवर मी पहिला पैसा लावेन, थराचा कल कळायला सोबत डेन्सिटी इमेज घेईन. बारीक रेझिस्टिव्हिटी इमेज घ्यावी ती उत्पादन भेगांवर अवलंबून असेल तेव्हा.