कोल्श, आल्ट, गोझे की धुराची बिअर?

जर्मनीत येणारे पाहुणे हमखास विचारतात, "इथली कुठली बिअर प्यायची?" म्युनिकचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते मी बाजूला ठेवतो. जी बिअर मुख्यतः एका गावाची आहे, तिच्यासाठी वाट वाकडी करावी, असं माझं ठाम मत आहे. अशा चार सांगतो. चार दिवसांत चारही होणार नाहीत, तेव्हा निवड करावीच लागेल.

कोलोनची कोल्श आणि ड्युसेलडॉर्फची आल्ट या शेजारणी. शहरांत अंतर जेमतेम 40 किलोमीटर. दोन्हीकडे उबदार तापमानाला काम करणारं यीस्ट वापरतात आणि नंतर बिअर थंडीत मुरवतात. पद्धत एकच, पण जिभेवर दोघींचं काही जुळत नाही.

कोल्श फिकट सोनेरी आणि इतकी मवाळ की पहिल्या ग्लासाला "यात विशेष काय?" असं वाटतं. तिची सगळी गंमत ताजेपणात आहे. म्हणून ग्लास फक्त 0.2 लिटरचा, काठीसारखा उभट. निळा एप्रन बांधलेला वाढपी ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची एक रेघ ओढतो. पुरे झाली की तीच चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची, नाहीतर ग्लास येतच राहतात. आपल्या कोकणच्या हापूससारखंच कोल्श या नावालाही संरक्षण आहे. 1986 साली तिथल्या ब्रुअऱ्यांनी करार केला आणि 1997 पासून युरोपीय संघानेही ते नाव कोलोन परिसरापुरतं राखून ठेवलं.

शाकाहारी मंडळींसाठी एक खास गोष्ट. मेनूवर 'हाल्वर हान' दिसेल. शब्दशः अर्थ 'अर्धा कोंबडा', पण ताटात येतो राय (rye) या धान्याचा पाव, चीजचा जाड काप, मोहरी आणि कांदा. बिनधास्त मागवा. 'कोलोनचा कॅव्हियार' मात्र टाळा, ते रक्त घालून केलेलं सॉसेज असतं.

आल्ट तांबूस-तपकिरी. 'आल्ट' म्हणजे जुनी, अर्थात जुन्या पद्धतीची. आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखी गोडसर चव लागते आणि मागून कडवटपणा येतो. मेथीच्या भाजीचा असतो तसा, भूक वाढवणारा. जुन्या शहरातल्या उअरिग या 1862 पासूनच्या ब्रुअरीत तो सगळ्यात ठसठशीत लागतो. जानेवारीत किंवा ऑक्टोबरमध्ये येत असाल तर तिथे 'श्टिके' कोणत्या दिवशी मिळणार ते विचारून घ्या. ही जास्त कडक आल्ट वर्षातून दोनदाच नळाला लागते. दोघींत मी आल्टच निवडेन. पण कडू चवीची सवय नसेल तर सुरुवात कोल्शने करावी. आणि कोलोनमध्ये बसून आल्ट मागू नका, दोन शहरांची चुरस फार जुनी आहे.

एकच ठिकाण जमणार असेल तर मात्र मी डोळे झाकून बाम्बेर्ग सांगतो.

न्युर्नबेर्गपासून साधारण 60 किलोमीटरवरचं हे गाव. त्याचं जुनं शहर 1993 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथली 'राउखबिअर', म्हणजे धुराची बिअर. पूर्वी माल्ट, म्हणजे भिजवून मोड आणलेलं बार्ली, उघड्या जाळावर वाळवत, त्यामुळे धुराचा वास बिअरीत उतरणं नेहमीचंच होतं. पुढे धूर धान्याला न लागता वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि ती चव जवळजवळ सगळीकडून गेली. बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअऱ्यांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा जाळ सोडला नाही.

श्लेंकेर्लाची मेर्त्सन ही राउखबिअर गडद, 5.1 टक्के अल्कोहोलची. पहिला घोट बहुतेकांना धक्का देतो. युरोपातल्या माणसाला त्यात धुरावलेलं डुकराचं मांस आठवतं. मला आठवला हुरड्याचा आगटीतला वास, चुलीत भाजलेलं भरताचं वांगं, डाळीला दिलेला कोळशाचा धुंगार. आपल्या नाकाला हा वास परका नाही, म्हणून मराठी माणसाला ही बिअर लवकर आपलीशी होईल असं मला मनापासून वाटतं. अर्धा लिटर सावकाश प्यावी. दुसऱ्या ग्लासात धूर मागे हटतो आणि माल्टची चव उघडते. पहिल्याच घोटावर निकाल देऊ नका. धूर नकोसा वाटला तर श्पेत्सिआलला जा, तिथे तो बराच सौम्य असतो.

गोझेचं गाव लाइपझिग, मूळ मात्र गोस्लारचं. गहू, मीठ, धणे आणि आंबवण्यातून येणारा आंबटपणा. मसाला ताक आवडणाऱ्याला ही समजावून सांगावी लागत नाही. 1966 साली तिचं उत्पादन थांबलं होतं, 1980च्या दशकात ती पुन्हा सुरू झाली. 'बायरिशर बानहोफ' या जुन्या रेल्वे स्टेशनात आता ती तिथेच बनते. उन्हाळ्यात याल तर आल्टच्या आधी हिचा विचार करा, थंडीत नको. गोड सरबत घालून देऊ का, असं विचारतील. पहिला ग्लास तसाच घ्या.

घरी न्यायची असेल तर राउखबिअरची बाटली घ्या. कोल्श तिथेच बसून प्यायची, नळाची.