समुपदेशनाला पाच तारे, पार्किंगला एकही नाही

गंगापूर रोडवरच्या या सोनोग्राफी सेंटरला आम्ही एकोणिसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनला (बाळात व्यंग आहे का ते पाहणाऱ्या सोनोग्राफीला) गेलो होतो. मी तीन वर्षं इराकमध्ये, बसऱ्याला वेल्डिंग करून गेल्या वर्षी परत आलो. आता अंबडला आहे. आईला बसरा माहीत होतं ते नथीतल्या मोत्यांपुरतं. पण कुणीतरी युद्धानंतर तिथे व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांचे फोटो मोबाइलवर पाठवले आणि घरातली झोपच उडाली.

स्कॅन चोख. कणा तर मॅडमनी तीनदा फिरून फिरून पाहिला. मात्र पैसे वसूल झाले ते शेजारच्या खोलीत, जेनेटिक कौन्सेलर ताईंकडे. मी फोटो पुढे केले. त्यांनी उडवून लावलं नाही. उलट त्यांनीच आकडे सांगितले: बसऱ्याच्या प्रसूतिरुग्णालयात १९९४-९५ साली हजार जन्मांमागे १.३७ व्यंगं, २००३ साली २३. माझ्या पोटात गोळा आला. मग म्हणाल्या, "शांततेतही शंभरात दोन-तीन बाळांना व्यंग असतं. म्हणजे हजारात वीस-तीस. मग आधीचा सव्वाचा आकडा खरा वाटतो का तुम्हाला?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथे काही झालंच नाही असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. शिसं, उपासमार, औषधांची टंचाई, सगळं एकदमच आलं होतं.

हिरोशिमाचंही सांगितलं. स्फोटावेळी आठ ते पंधरा आठवड्यांची पोटात असलेली बाळं सर्वांत जास्त बाधली. नंतर राहिलेल्या गर्भांत व्यंगं वाढल्याचं दिसलं नाही. पण बापाकडून काहीच येत नाही, असंही नाही म्हणे. व्हिएतनाम युद्धात विषारी तणनाशक फवारलं होतं; तिथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मुलांना स्पायना बिफिडा (कणा नीट न जुळण्याचं व्यंग) असेल तर अमेरिकन सरकार भत्ता देतं. कणा तीनदा का पाहिला, ते तेव्हा कळलं. "स्कॅनमध्ये सगळंच दिसतं असं नाही," हेही तोंडावर सांगितलं.

शेवटी विचारलं, तिकडचे कामाचे कपडे कुठे आहेत? माळ्यावर, गोणीत. वहिनींना, म्हणजे माझ्या बायकोला, हात लावू देऊ नका म्हणाल्या. त्याच संध्याकाळी गोणी घराबाहेर काढली.

एक तारा कापला तो रिसेप्शनमुळे. भरल्या हॉलमध्ये "इराकवाले कोण?" अशी हाक मारायची काय गरज होती? पन्नास माना वळल्या. गाडी नेऊच नका, रिक्षाने जा.