तेल काढावं की विणीचं कुरण राखावं?

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या वन्यजीव अभयारण्यातल्या सुमारे १५ लाख एकरांवरून दोन गावं समोरासमोर उभी आहेत. काक्टोविक गावच्या अनेक इन्युपियाट आदिवासींना तेल हवंय. त्यांना हावरट म्हणणं अन्यायाचं आहे. त्या भागातल्या शाळा, दवाखाने, घरातला नळ, सारं तेलावरच्या करातून आलंय. डोंगरापलीकडच्या आर्क्टिक व्हिलेज गावातले ग्विचिन आदिवासी मात्र १९८८पासून ठाम नकार देतात. कॅरिबू म्हणजे तिथली रानटी रेनडिअर हरणं; त्यांच्या ‘पॉर्क्युपाइन’ नावाच्या कळपातल्या माद्या उन्हाळ्याच्या तोंडावर याच पट्ट्यात वितात. ओलं, लटपटतं पाडस पहिल्यांदा उभं राहतं ते इथे. आणि कॅरिबूचं मांस हेच ग्विचिनांच्या घरातलं रोजचं अन्न. मला त्यांचंच पटतं. नळासाठी पैसा दुसरीकडून उभा करता येईल, विणीची जागा कुठून आणणार? जानेवारी २०२५मध्ये इथं तेल काढण्याच्या हक्कांचा लिलाव झाला, त्यात तर एकाही कंपनीने बोली लावली नाही.