न फुटलेल्या काडतुसांपायी .२२ सोडलं आणि त्यांच्याचमुळे परत आले: चौदा महिन्यांचा अनुभव

पिस्तूल नेमबाजीचा सामना, हातात .२२ इंच कॅलिबरचं (म्हणजे तेवढ्या जाडीच्या गोळीचं) पिस्तूल, आणि रॅपिडची, म्हणजे दर वेळी तीनच सेकंद दिसणाऱ्या लक्ष्यावर एकेक गोळी मारण्याची, तिसरी मालिका. लक्ष्य वळलं, हात वर आला, चाप दाबला आणि नुसताच 'टक्' असा आवाज. तीन सेकंद संपले, लक्ष्य परत वळून गेलं. पिस्तूल पुढेच रोखून मोकळा हात वर केला. रेंज ऑफिसर आले, काडतूस बाहेर निघालं. बुडाच्या कडेवर फायरिंग पिनची, म्हणजे ठोका देणाऱ्या खिळीची, खूण स्पष्ट होती, म्हणजे माझ्याकडून काही राहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे जी सवलत मिळायची ती मिळाली, पण तोवर लय पार गेली होती. त्या मोसमात सामन्यात झालेला हा तिसरा मिसफायर. सरावातले मी मोजणंच सोडलं होतं.

त्या संध्याकाळी पिस्तूल पेटीत घातलं आणि ठरवलं, पॉइंट टू-टू आता पुरे. पुढचे काही महिने ९ मिमी, .४५ आणि .३८ या मोठ्या कॅलिबरचं मारलं आणि गेले सात महिने पुन्हा .२२ वरच आहे. कुठल्या गोळीचं वजन किती, वेग किती, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते जरुरीपुरतंच सांगते.

आधी दुरुस्तीचं, कारण तो राग अजून गेलेला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने पिस्तूल पाच मिनिटं हातात धरलं आणि सांगितलं, काडतुसं खराब आहेत. काडतुसं विकणाऱ्याने एक काडतूस उजेडात फिरवलं आणि सांगितलं, पिन झिजली असणार. दोघांमध्ये मी तीन खेपा घातल्या. शेवटी पिन बदलून घेतली, तिचे पैसे दिले, बसवण्याचे वेगळे दिले. पुढच्याच सरावात पन्नासच्या खोक्यातली तीन काडतुसं फुटली नाहीत. जुनी पिन परत मागितली तर टाकून दिली म्हणाले. माझ्या पिस्तुलातून काढलेला भाग माझ्या हातात यायला हवा होता. तो भिंगाखाली धरता आला असता तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचला असता.

मग नऊ एमएम घेतलं. १९०२ पासूनचं काडतूस आणि आजही जगात सगळ्यात जास्त लोक याच्याकडेच का वळतात ते पहिल्या आठवड्यात कळलं. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, तोंडाकडे किंचित निमुळती असल्यामुळे मॅगझिनमधून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, सुळकन शिरते. प्राइमर म्हणजे बुडाशी मधोमध बसवलेली वेगळी टोपी, पिन नेमकी तिच्यावरच पडते. चार महिन्यांत एकही काडतूस वाया गेलं नाही. इतके दिवस ज्याची धास्ती घेऊन मी लाइनवर उभी राहायचे, ते होतच नाही म्हटल्यावर फार हलकं वाटलं होतं. शिवाय अशा मधोमध प्राइमरच्या, म्हणजे सेंटरफायर, काडतुसाची केस पुन्हा भरता येते. मी काटकसरी आहे. स्लाइडने शेजारच्या लेनमध्ये उडवलेली प्रत्येक केस सराव संपल्यावर वाकून वेचायचे आणि घरी नेऊन साफ करायचे. .२२ रिमफायर आहे, त्याचं स्फोटक मिश्रण केसच्या कडेतच असतं; ती केस एकदा फुटली की भंगार, हे मला नेहमीच डाचत आलं आहे.

पण लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट खाली-डावीकडे सरकू लागला. मी उजव्या हाताने मारते. आधी मला साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, दोष वाटला, म्हणून मागची साइट फिरवली. गट जरा वर आला आणि पसरला. पुन्हा फिरवली. महिनाभर साइटशी झटापट केली, साइट किती क्लिक फिरवली ते वहीत लिहिलं, आणि एकदाही स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही.

याच काळात रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी त्यांचं १९११ नमुन्याचं .४५ सरावापुरतं माझ्या हाती दिलं. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेलं हे पिस्तूल आणि हे काडतूस अमेरिकी सैन्याने १९११ साली एकत्रच स्वीकारलं. त्याचे चाहते दुसरीकडे जाऊन पुन्हा तिथेच का येतात हे मारल्याशिवाय समजत नाही. गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, पण वेग आवाजाच्या वेगापेक्षा बराच कमी, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. चेंबरमधला दाबही कमी: नऊसाठी कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), .४५ साठी २१,०००. म्हणून नऊ फटकन उसळतं आणि पंचेचाळीस खांद्यापर्यंत ढकलत येतं. तो धक्का मला आवडला. चापही कोनात न फिरता सरळ मागे सरकतो, बोटाला लगेच उमगतो. पण माझा पंजा लहान आहे. चाळीसाव्या गोळीनंतर पकड सैल व्हायची, आणि गट होता तिथेच, खाली-डावीकडे. पिस्तूल दुसऱ्याचं, साइट दुसऱ्याची, गट माझाच.

वहीत एक साधा हिशेब मांडला होता, गोळीचं वजन गुणिले वेग. .२२ ची गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. .२२ चा आकडा एक धरला तर नऊचा साडेतीनच्या जवळ जातो आणि पंचेचाळीसचा साडेचारच्याही पुढे. एवढा धक्का महिनोन् महिने खाल्लेला हात पुढच्या धक्क्याची आधीच तयारी करतो, हे तो आकडा लिहिताना माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

.४० ची दोन खोकी मारली. नऊपेक्षा तापट आणि मनगटाला त्रासदायक. १९९० मध्ये आलं, पोलीस दलांनी उचलून धरलं, आणि पुढे एफबीआयसकट अनेकजण नऊवर परतले. मी तर दोन खोक्यांतच परतले.

.३८ स्पेशलने मात्र मला खरोखर सुखावलं. १८९८ चं काडतूस. नाव अडतीस, पण गोळीचा व्यास प्रत्यक्षात .३५७ इंच. मी .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमधून .३८ वॉडकटर मारते. १४८ ग्रेनची सपाट तोंडाची शिशाची गोळी, केसच्या काठाला समपातळीत बसवलेली. कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं, कड फाटत नाही, गुण मोजताना वाद होत नाही. चाप इतका कुरकुरीत सुटतो की लांबलेला सरावही संपू नये असं वाटतं. आणि रिकाम्या केसेस सिलिंडरमध्येच राहतात! सहाच्या सहा तळहातावर ओतून घ्यायच्या, वाकायला नको. केस सरळ भिंतीची, त्यामुळे भरायलाही सोपी. एक धोका पक्का लक्षात ठेवावा लागतो: केस लांब आणि वॉडकटरला स्फोटक दारू अगदी थोडी, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी केस ओसंडत नाही. म्हणून दारू घातलेली प्रत्येक केस मी बॅटरीच्या उजेडात आत डोकावून बघते, मगच गोळी बसवते. सेंटरफायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतची कॅलिबर चालतात, .३८ त्यात बसतं. पण तिथे बहुतेकजण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर वापरतात, १८९६ चं काडतूस आणि धक्का त्याहून कमी. ते मी मोजून दहा वेळा मारलं आहे, त्यामुळे त्याबद्दल आताच बोलत नाही.

इथवरचं सगळं मी सात महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी '.२२ पुन्हा घेणार नाही' असं वाक्य होतं. ते वाक्य खोडलं.

झालं असं की मला शिकवणाऱ्या सरांनी एका दिवशी माझं नऊचं लक्ष्य पाहिलं आणि म्हणाले, "पेटीतलं .२२ उद्या घेऊन या. आणि ती तुमची न फुटणारी काडतुसंही आणा." दुसऱ्या दिवशी सात-आठ गोळ्या गेल्या आणि मग तो ओळखीचा 'टक्' झाला. गोळी सुटली नाही, पण नळीचं तोंड झपकन खाली गेलं. सर मागे उभे होते, त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. गोळी सुटते तेव्हा धक्क्याच्या आड हे लपून जातं. काडतूस फुटत नाही तेव्हा लपायला जागाच राहत नाही. धक्का येणार म्हणून माझं मनगट आधीच खाली दाबत होतं. साइट वर फिरवून मी महिनाभर तेच झाकत बसले होते.

त्या दिवसापासून .२२ पुन्हा हातात घेतलं. पहिले सहा आठवडे फक्त संथ मारा. पाच मिनिटांत पाच गोळ्या, पंचवीस मीटर, आणि लक्ष दहाच्या वर्तुळाऐवजी शॉट गेल्यावर समोरची साइट कुठे उचलली जाते याकडे. .२२ चा धक्का इतका कमी की चूक केली तर ती तुमचीच असते आणि लगेच दिसते. मनगट शांत व्हायला दोन महिने लागले. त्यानंतर नऊची साइट मूळ जागी आणली आणि गट मधोमध बसला.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे: .२२ ची काडतुसं फुटत का नव्हती?

रिव्हॉल्वर साफ करताना हे सुचलं. .३८ ची केस .३५७ पेक्षा तीन मिलिमीटरहून थोडी जास्तच आखूड. सतत .३८ मारलं की चेंबरमध्ये केसच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं जमतं. एकदा मॅग्नमचं काडतूस घालायला गेले तर ते त्या कड्याला टेकून बाहेरच राहिलं, अंगठ्याने रेटावं लागलं. तेव्हा वाटलं, .२२ मध्ये असंच होत असेल का? .२२ लाँग रायफलची रचना १८८७ पासून तशीच आहे. गोळीचा पुढचा भाग केसइतकाच जाड, मागची अरुंद टाच केसमध्ये बसवलेली. वंगण गोळीच्या बाहेरून चोपडलेलं, मेणकट. ते चेंबरमध्ये लागतं, त्यावर काजळी बसते, शिशाचा अंश चिकटतो आणि कडं तयार होतं. काडतूस किंचित बाहेर राहतं. मग पिन कडेवर आपटते तेव्हा तिचा अर्धा जोर काडतूस आत ढकलण्यात जातो, आणि स्फोटक मिश्रण चिरडायला उरलेला जोर पुरत नाही.

खात्री करायला न फुटलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर, पिनच्या खुणेपाशी, मार्करने ठिपका देऊ लागले. आधी नळी पुढे रोखून तीस सेकंद थांबायचं, कारण उशिरा फुटण्याची शक्यता असते. मग काडतूस काढायचं, ठिपका द्यायचा, ठिपका त्याच जागी येईल असं चेंबरमध्ये घालायचं आणि अंगठ्याने नीट आत बसवायचं. त्याच खुणेवर दुसऱ्या ठोक्याला फुटलं तर दोष बसण्याचा. तिथे फुटलं नाही, पण कड फिरवून दुसरीकडे ठोका बसल्यावर फुटलं, तर दोष काडतुसाचा. रिमफायरमध्ये मिश्रण कारखान्यात ओलं घालून केस गरगर फिरवतात, तेव्हा ते कडेच्या पोकळीत पसरतं. एखाद्या जागी पोहोचलं नाही तर ती जागा मुकी राहते.

माझी बहुतेक काडतुसं पहिल्या प्रकारातली निघाली. चेंबर ब्रशने घासलं, कडं निघून गेलं, आणि मिसफायर एवढे कमी झाले की मी वही पुन्हा तपासली. म्हणजे काडतुसंही बहुतांशी चांगली होती आणि जुनी पिनही बहुधा चांगलीच होती. दोघांपैकी एकानेही चेंबरमध्ये नजर टाकली नाही. पिनचे आणि बसवण्याचे पैसे मी विनाकारण दिले. आता दर सरावानंतर, नळीला हात लावो न लावो, चेंबर घासतेच. त्यानंतर साबणाने हात धुते, शिसं असतं.

रिकामं पिस्तूल घरी चालवून सराव करणाऱ्या .२२ वाल्यांना एक सांगते. काही पिस्तुलांत आत काडतूस नसताना पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ चेपतो. चेपलेला काठ म्हणजे पुन्हा हाच त्रास. आपल्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी दिली असेल तरच चाप ओढा.

चेंबर साफ ठेवायला लागल्यापासून एक अडचण मात्र आली. न फुटणारी काडतुसं आता क्वचित मिळतात, आणि मनगट तपासायला तर ती हवीच. म्हणून मैत्रीण माझं मॅगझिन भरते आणि मधे कुठेतरी एक नकली काडतूस घालते. कुठे, ते सांगत नाही. तिचं मी भरते. पंधरवड्यातून एकदा आम्ही हे करतोच.

रिव्हॉल्वर ठेवलं आहे, ते मी देणार नाही. नऊही ठेवलं आहे, पण महिन्यातून दोनदाच मारते, आणि प्रत्येक वेळी आधी पन्नास गोळ्या .२२ च्या.

गेल्या महिन्यात सामन्यात रॅपिडमध्ये पुन्हा एकदा 'टक्' झालं. हात तसाच राहिला, समोरची साइट दहाच्या खाली जिथे धरली होती तिथेच थांबली. मोकळा हात वर केला. रेंज ऑफिसरांनी काडतूस काढून दाखवलं, खूण खोल आणि पूर्ण होती. सामना संपल्यावर ते त्यांच्याकडून मागून पुन्हा पाहिलं आणि खात्री झाली की या खेपेला दोष खरोखरच काडतुसाचा होता. मग ते रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकलं.