बेन कलेक्शन: शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कच्या अंत्ययात्रा, फुकट आणि फुल साईझमध्ये

जुने फोटो बघायची आवड असेल आणि तुम्ही अजून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साईटवरचं बेन कलेक्शन उघडलं नसेल तर आधी ते उघडा. खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू सगळ्या कलेक्शनचा नाहीये, त्यातल्या एकाच कोपऱ्याचा आहे, म्हणजे अंत्ययात्रा, शोकसभा, दुखवट्याच्या मिरवणुका. बेसबॉलवाले, नट्या, बोटी, राजेरजवाडे हे सगळं तिथे ढिगाने आहे पण त्यावर बोलणारे भरपूर आहेत, या फोटोंवर मराठीत कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

आधी थोडी माहिती. जॉर्ज ग्रँथम बेन या माणसाने न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली बेन न्यूज सर्व्हिस काढली, काम काय तर बातमीचे फोटो काढायचे, गोळा करायचे आणि गावोगावच्या वर्तमानपत्रांना पुरवायचे. काचेच्या प्लेटवर फोटो, प्लेटवरच हाताने लिहिलेली दोन-चार शब्दांची कॅप्शन, कधी सोबत तारीख. १९४८ मध्ये लायब्ररीने हा साठा विकत घेतला, त्यात साधारण ४०,००० काचेच्या निगेटिव्ह आहेत आणि त्या आता ऑनलाइन बघता येतात. पैसे नाहीत, लॉगिन नाही, बहुतेक सगळ्यांवर कॉपीराइटची ज्ञात बंधनं नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे लेखात, ब्लॉगवर, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये बिनधास्त वापरता येतात. फ्लिकरवर पण २००८ पासून टाकतायत, पण मूळ साईटवरून घ्या, कारण पुढे सांगतो.

कारण म्हणजे टीआयएफएफ फाईल, म्हणजे बारीकसारीक तपशील न गाळता ठेवलेली मोठी स्कॅन फाईल. फोटोच्या खाली डाउनलोडचे दोन-तीन साईझ असतात, लहान जेपीईजीवर समाधान मानू नका, सगळ्यात मोठी फाईल घ्या, वायफायवर असताना घ्या, आणि मोबाईलवर नाही तर जरा मोठ्या स्क्रीनवर उघडून झूम करत जा. तेव्हाच्या पेपरात फोटो छापायचे ते बारीक ठिपक्यांच्या हाफटोनने, स्वस्त कागदावर. म्हणजे १९१४ च्या वाचकाला गर्दी म्हणून जो काळपट पट्टा दिसला असेल त्यात आपल्याला माणसं दिसतात. मागच्या रांगेतली बाई रुमाल कुठे धरून उभी आहे ते दिसतं, कोणी हॅट काढलीय आणि कोणी काढली नाहीये ते दिसतं. जो फोटो पेपरात एक कॉलम रुंदीचा छापला जाणार होता तो आपण बोटाने सरकवत अर्धा तास बघू शकतो, आणि माझ्या मते या सगळ्या सर्व्हिसची खरी किंमत इथेच आहे.

उदाहरण म्हणून व्हेराक्रूझ घ्या. एप्रिल १९१४ मध्ये अमेरिकन नौदलाने मेक्सिकोचं व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेतलं, त्यात मेलेल्या नौसैनिक आणि मरीन्सपैकी १७ जणांचे देह बोटीने न्यूयॉर्कला आणले, ११ मे १९१४ ला मिरवणूक निघाली आणि ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डात प्रेसिडेंट विल्सन स्वतः बोलले. तोफगाड्यांवर झेंड्यात गुंडाळलेल्या शवपेट्या, बाजूने चालणारे नौसैनिक. पहिल्यांदा बघताना नजर शवपेटीवरच जाते, फोटोग्राफरने पण तीच मधोमध धरलेली असते. दुसऱ्यांदा बघा तेव्हा शवपेटी सोडून द्या आणि फुटपाथ बघा. सरकारी शोकात मधला भाग ठरवून दिलेला असतो, कोण कुठे उभं राहणार, पाऊल कसं पडणार. कडेला उभ्या असलेल्या माणसांना कोणी काही सांगितलेलं नसतं. कोणी मान खाली घातलेली, कोणी कॅमेऱ्याकडेच बघतोय. मला विचाराल तर या कलेक्शनमधले सगळ्यात खरे चेहरे तिथे, कडेला आहेत.

मेयर गेनॉरच्या अंत्ययात्रेचे फोटो पण बघाच. विल्यम गेनॉर हा न्यूयॉर्कचा मेयर, १९१० मध्ये होबोकेनला बोटीवर त्याच्या गळ्यात गोळी मारली होती आणि गोळी लागल्या लागल्याच त्याचा फोटो वर्ल्ड नावाच्या पेपरच्या विल्यम वॉर्नेकीने काढला होता, तो फोटो तर जगप्रसिद्ध आहे. त्या हल्ल्यातून गेनॉर वाचला, गोळी शेवटपर्यंत आतच राहिली, आणि सप्टेंबर १९१३ मध्ये युरोपला जाताना बोटीवरच वारला. देह लुसिटानिया बोटीने परत आला, सिटी हॉलमध्ये दर्शनाला ठेवला, मग ट्रिनिटी चर्च. मोठ्या माणसाच्या जाण्याला किती कॅमेरे आणि किती प्लेटा मिळायच्या ते इथे नीट कळतं.

आता ट्रँगल. यासाठीच मी खरं तर हे लिहायला बसलो.

२५ मार्च १९११, वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या ॲश बिल्डिंगच्या आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावरच्या ट्रँगल शर्टवेस्ट (बायकांचे ब्लाउज) कारखान्यात आग लागली, नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद, अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचणारी. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली, ज्यू आणि इटालियन घरांतल्या, दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवणाऱ्या. ५ एप्रिलला कामगार युनियनने शोकयात्रा काढली, भर पावसात. ज्यांची ओळख पटली नव्हती ते देह शहराने युनियनकडे दिलेच नाहीत, त्यांचं दफन त्याच दिवशी ब्रुकलिनच्या एव्हरग्रीन्स कब्रस्तानात वेगळं केलं, त्यामुळे यात्रेत होता तो फुलांनी भरलेला रिकामा रथ, सहा पांढरे घोडे जोडलेला. चालणारे लाखाच्या वर होते असे आकडे दिले जातात, बघणारे त्याच्या दुप्पट-तिप्पट.

बेनच्या साठ्यात याचा फोटो ट्रेड परेड इन मेमरी ऑफ फायर व्हिक्टिम्स अशा नावाने आहे. ओला रस्ता, छत्र्या, हॅटा, काळे कोट. मेयरच्या यात्रेत असतो तसा बँड-बंदोबस्ताचा थाट नाही, माणसं नुसती चालतायत. कामावर जातानाचेच कपडे असावेत बहुतेकांचे, वेगळे शोकाचे कपडे घ्यायला पैसे कुठून येणार. इतक्या लोकांच्या दुःखाचा फोटो आणि त्यावर प्लेटवर खरडलेले सहा-सात शब्द, एकाचंही नाव नाही. ओळख न पटलेल्या शेवटच्या सहा जणांची नावं मिळायला २०११ साल उजाडलं, मायकेल हर्श या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि कागदपत्रं चाळून ती शोधून काढली, म्हणजे बरोबर शंभर वर्षं लागली.

इथेच कलेक्शनची मर्यादा पण सांगायला हवी. एकतर तारखा. प्लेटवर तारीख नसेल तर कॅटलॉगमध्ये साधारण १९१० ते १९१५ अशी ढोबळ नोंद असते, ती बघून काहीच ठरवता येत नाही. दुसरं म्हणजे सर्च, तो कॅप्शनमधल्या शब्दांवर चालतो आणि कॅप्शन शंभर वर्षांपूर्वी घाईत लिहिलेली, नावांची स्पेलिंगं चुकलेली. फक्त फ्युनरल टाकून थांबू नका, मेमोरियल, बरियल, कॉफिन, हर्स (शवरथ), मोर्नर्स (शोक करणारे) हे पण टाका, आणि एक चांगला फोटो सापडला की त्याच्या नंबरच्या मागचे पुढचे नंबर उघडून बघा, पुष्कळदा त्याच दिवसाच्या प्लेटा शेजारीशेजारी असतात. फ्लिकरवर वाचकांनी ओळखून दिलेली नावं आणि तारखा लायब्ररी तपासून नोंदीत घालते ही गोष्ट मात्र मनापासून आवडली.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कोणाचं दुःख बातमी ठरलं आणि कोणाचं नाही हे या साठ्यात उघड दिसतं, कारण शेवटी हा धंदा होता आणि संपादक जे विकत घेतील तेच काढलं जायचं. कृष्णवर्णीयांचा शोक इथे शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं. २८ जुलै १९१७ ला ईस्ट सेंट लुईस शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडानंतर जवळजवळ १०,००० कृष्णवर्णीय न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून एक शब्दही न बोलता चालले, पांढऱ्या कपड्यांत मुलं आणि बायका पुढे, काळ्या कपड्यांत पुरुष मागे, आवाज फक्त दबक्या ढोलांचा. त्याचा जो फोटो आज सगळीकडे दिसतो तो अंडरवुड अँड अंडरवुड या दुसऱ्या एजन्सीचा आहे. म्हणून एकट्या बेनवर विसंबून तेव्हाची अमेरिका कशी रडायची असं कोणी लिहायला घेतलं तर ते चित्र अर्धंच होईल.

वापरायची माझी पद्धत सांगतो, खूप फायदा होतो. लायब्ररीचीच क्रॉनिकलिंग अमेरिका नावाची जुन्या वर्तमानपत्रांची साईट आहे, ती पण फुकट. प्लेटवर तारीख असेल तर त्या तारखेचा आणि दुसऱ्या दिवशीचा न्यूयॉर्क ट्रिब्यून, सन, ईव्हनिंग वर्ल्ड दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. मिरवणूक कुठून निघाली, हवा कशी होती, कोणी काय बोललं हे बातमीत मिळतं आणि मग फोटोतला कोपरा, दुकानाची पाटी, पाऊस सगळं जागेवर बसतं. ट्रँगलसाठी अजून एक, कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या कील सेंटरचं ऑनलाइन प्रदर्शन, त्यात बोटींच्या धक्क्यावर ओळीने ठेवलेल्या शवपेट्या आणि त्यांत आपलं माणूस शोधणारे नातेवाईक यांचे फोटो आहेत, वाचलेल्या मुलींच्या जबान्या आहेत. ते फोटो बघायला जड जातात, लहान मुलं शेजारी असतील तर आधी स्वतः बघून घ्या.

रेटिंग द्यायचं तर फोटोंची क्वालिटी आणि मोकळेपणा यासाठी ५ पैकी ५, सर्च आणि तारखांसाठी ३. इतिहासाच्या शिक्षकांनी, फोटोग्राफी शिकणाऱ्यांनी आणि प्रेसमध्ये काम करणाऱ्यांनी तर नक्की बघा. सुरुवात ट्रँगलपासून करा, गेनॉर नंतर बघितला तरी चालेल, आणि फाईल सेव्ह करताना तिचा लायब्ररीने दिलेला, एलसी-डीआयजी-जीजीबेन ने सुरू होणारा नंबर नावातच ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तोच फोटो परत शोधताना सगळी संध्याकाळ जाते.