लागोसमध्ये मुलांची शाळा: ब्लेंडेड, प्युअर ब्रिटिश की सीबीएसई?

लागोसला बदली ठरली की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न शाळेचाच असतो. इथल्या बऱ्याच प्रायव्हेट शाळा "ब्रिटिश-नायजेरियन ब्लेंडेड" असतात, म्हणजे दोन्ही अभ्यासक्रम मिसळून शिकवतात, त्यात मुलाच्या पदरात नक्की काय पडतं ते सांगते.

मूल पाचच्या आतलं असेल तर फार डोकेफोड करू नका. या वयाला ब्लेंडेड शाळेतही बहुतेक ईवायएफएसच चालतं, म्हणजे इंग्लंडमधला ५ वर्षांपर्यंतचा आराखडा, खेळत-बोलत शिकायचं. वाचायला जॉली फोनिक्स, त्यात एबीसीडीच्या क्रमाने जात नाहीत, आधी स, अ, ट, इ, प, न हे आवाज घेतात म्हणजे सॅट, पिन, टॅप पोरं लगेच जोडून वाचायला लागतात. प्युअर ब्रिटिश शाळेतही साधारण हेच, फी मात्र कितीतरी जास्त.

खरा फरक प्रायमरीत दिसतो. नायजेरियन बाजूने सिव्हिक, धर्मशिक्षण, एक स्थानिक भाषा (लागोसात बहुतेक योरुबा) आणि क्वांटिटेटिव्ह रीझनिंग येतं, म्हणजे त्रिकोणाच्या कोपऱ्यांत आकडे, मध्ये एक आकडा, एक-दोन सोडवून दिलेले असतात आणि नियम आपण शोधायचा, अगदी आपल्या स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणीच. मला हा भाग फार आवडतो, गणिताचा हात छान बसतो. आणि योरुबामुळे मूल शेजारच्या आजींना वाकून "ए कारो" (सुप्रभात) म्हणतं तेव्हा ते या शहराचं होतं, प्युअर ब्रिटिश शाळेत हे सहसा मिळत नाही. ब्रिटिश बाजूने भरपूर वाचन, स्वतःच्या मनाने लिहिणं, प्रोजेक्ट.

त्रास शेवटी होतो. प्रायमरीच्या शेवटच्या, सहाव्या वर्षाला एकीकडे केंब्रिजची प्रायमरी चेकपॉइंट परीक्षा, दुसरीकडे नायजेरियाची कॉमन एंट्रन्स, जी सरकारी युनिटी कॉलेजांसाठी (म्हणजे केंद्र सरकारच्या माध्यमिक शाळांसाठी) असते आणि आपल्या मुलांना सहसा लागतच नाही, तरी काही शाळा दोन्हीची तयारी करून घेतात आणि दहा वर्षांचं पोर दमून जातं, हे मला अजिबात पटत नाही.

दोन-तीन वर्षांत परत जायचं पक्कं असेल तर इलुपेजूची इंडियन लँग्वेज स्कूल बघा, सीबीएसई आहे. कारण इथलं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, सीबीएसईचं एप्रिलला, शिवाय ब्रिटिश इयर २ म्हणजे वयाने आपली पहिली, त्यामुळे वर्गाचा घोळ होतो. महाराष्ट्रात परतणार असाल तर २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीची आहे, तेव्हा शाळा कुठलीही घ्या, घरी मराठी वाचन-लेखन आत्तापासून चालू ठेवा. पाच-सहा वर्षं राहणार असाल तर माझं मत सरळ ब्लेंडेडला.

अ‍ॅडमिशनआधी प्रायमरी ४ चं टाइमटेबल आणि एखाद्या मुलाची वही मागून बघा, दोन अभ्यासक्रम नीट एकत्र केलेत की नुसते एकावर एक रचलेत ते तिथेच कळतं. आणि घर इकेजाला असेल तर लेक्कीची शाळा कितीही चांगली वाटली तरी घेऊ नका, सकाळच्या गो-स्लोमध्ये (ट्रॅफिक जॅमला इथे हेच म्हणतात) लहान मूल रोज तास-तास गाडीत बसवणं योग्य नाही.